वयाचा आकडा आणि लेकराचं वाचन: शाळेत चित्रपुस्तकांचा कोपरा लावताना

खोक्यातून गोष्टीची पुस्तकं बाहेर काढली की पहिला गोंधळ मागच्या मुखपृष्ठावर दिसतो. एकावर ‘३+’, दुसऱ्यावर ‘वयोगट ६ ते ८’, तिसऱ्यावर ‘स्तर २’, चौथ्यावर काहीच नाही. तिसरीच्या वर्गाला यातलं कोणतं द्यायचं? सहावीतल्या ज्या पोराला अजून धड वाचता येत नाही, त्याला कोणतं? मग बहुतेक ठिकाणी होतं ते असं: पुस्तकं कपाटात जातात, कपाटाला कुलूप लागतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये.

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई, केज, धारूर या भागातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये पुस्तकांचे कोपरे लावण्याचं काम मी करतो. हा लेख पहिल्यांदाच असा कोपरा लावणाऱ्यांसाठी आहे, मग तो शाळेत असो, अंगणवाडीत असो की घरच्या ओसरीवर. वयाचा आकडा दुकानदाराच्या आणि पालकाच्या सोयीचा असतो. लेकरू त्याला जमतं तिथून वाचायला लागतं, आणि चित्र बघायला तर वयाची अटच नाही. पुढची सगळी मांडणी यावरच उभी आहे.

आधी जमवायचं सामान

- दाखल नोंदवही (दोनशे पानी लांब वही पुरते) आणि शाळेचा शिक्का
- साधे पांढरे चिकट कागद, काळा मार्कर
- पुस्तकाला लावायचा पारदर्शक चिकट कागद. साधी सेलोटेप घेऊ नका, एका उन्हाळ्यात पिवळी पडून सुटते आणि जाताना चित्राचा रंग घेऊन जाते.
- नायलॉनची दोरी, कपड्यांचे चिमटे, खिळे
- जाड सुई, पक्का दोरा, फेव्हिकॉल
- एक सतरंजी

कागदपत्रं

शाळेत कोपरा लावायचा असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. विकत घेतलेल्या पुस्तकांची पक्की बिलं ठेवा. देणगीत आलेल्या पुस्तकांसाठी देणाऱ्याचं साधं पत्र आणि सोबत यादी पुरते. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी ५ हजार ते २० हजार रुपयांच्या अनुदानाची तरतूद आहे. त्यातून घेतलेली पुस्तकं वेगळी नोंदवा. तपासणीच्या वेळी देणगीची आणि अनुदानाची पुस्तकं एकाच यादीत निघाली की नसती डोकेदुखी होते.

## १. लेबल कोण लावतं ते आधी समजून घ्या

सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. पुस्तकावरच्या वयाला असा कुणाचाच शिक्का नसतो. तो आकडा प्रकाशनातले संपादक त्यांच्या अंदाजाने छापतात. खेळण्याच्या खोक्यावरचा ‘३+’ सांगतो की त्यात बारीक तुकडे आहेत, लेकरू तोंडात घालेल. पुस्तकावरचा ‘३+’ एवढंच सांगतो की तीन वर्षांच्या लेकराला हे कुणी वाचून दाखवलं तर आवडेल. आपल्याकडे दोन्हींचा अर्थ एकच धरतात आणि आठ वर्षांच्या लेकराच्या हातातून ‘३+’चं पुस्तक काढून घेतात.

या आकड्यावरून भांडणं बाहेरही झाली आहेत. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर वयोगट छापायचं ठरवलं, तेव्हा फिलिप पुलमन आणि इतर अनेक लेखकांनी जाहीर विरोध केला. मागे पडलेल्या वाचकाला आपल्या वयाहून लहान आकड्याचं पुस्तक हातात धरायची लाज वाटेल, हा त्यांचा एक मुद्दा होता. आपल्या वर्गात हे रोज दिसतं.

लेबलं साधारण दोन जातींची असतात. पहिलं वयोगटाचं. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत किंवा चेन्नईच्या तूलिकाच्या पुस्तकांवर असं वय दिसेल. तूलिकाची बरीच पुस्तकं मराठीतही निघतात. दुसरं वाचन-पातळीचं. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर १ ते ४ अशा पातळ्या असतात. पहिलीत २५० पेक्षा कमी शब्द आणि तेच तेच सोपे शब्द पुन्हा येतात, दुसरी ६०० शब्दांपर्यंत, तिसरी १५०० पर्यंत, चौथी त्यापुढची. वय आणि पातळी यांची सांगड घालत बसू नका, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

## २. पुस्तकांच्या आधी लेकरं बघा

एकेका लेकराला बाजूला घेऊन पाच मिनिटं द्या. ‘असर’च्या (लेकरांना किती वाचता येतं ते बघणाऱ्या देशभरच्या पाहणीच्या) तपासणीची पायरी सोपी आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जिथं लेकरू अडतं तिथं थांबा, वहीत टिपून ठेवा. इयत्तेचा रकाना त्यात असू द्या, पण त्यावरून काही ठरवू नका.

आपल्या भागात याला खास कारण आहे. दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात, त्यांच्यासोबत लेकरंही जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. हंगामी वसतिगृहात राहिलेली थोडीफार सावरतात, बाकीची वर्गाच्या मागे पडतात. बारा वर्षांची पोरगी, कोपीवरचा (ऊसतोड्यांच्या झोपडीतला) स्वयंपाक एकटीनं करणारी, जोडाक्षराला अडते. तिच्यापुढे ‘वय ४ ते ६’ छापलेलं पुस्तक ठेवलं तर ती उघडणार नाही. तेच पुस्तक तो आकडा झाकून ठेवा, दहा मिनिटांत पान तिसऱ्यावर असते.

## ३. पुस्तकं जमवा, पण शंभराच्या मागे लागू नका

तीस-चाळीस चांगली पुस्तकं एका वर्गाला पुष्कळ झाली. कुठून आणायची?

- राष्ट्रीय पुस्तक न्यास: किमती कमी, मराठीत भरपूर.
- ज्योत्स्ना प्रकाशन, पुणे: मूळ मराठीत लिहिलेली आणि काढलेली चित्रपुस्तकं. माझा कल इकडे जास्त आहे, कारण यातली घरं, माणसं आणि बोलणं लेकरांच्या ओळखीचं असतं.
- स्टोरीविव्हर: प्रथम बुक्सचं २०१५ पासूनचं खुलं भांडार. गोष्टी फुकट उतरवून छापता येतात, त्यांचा परवानाच तसा आहे.
- ‘किशोर’ मासिक: बालभारती १९७१ पासून काढते. जुने अंक फुकट वाचायला मिळतात आणि त्यातली चित्रं बघण्यासारखी आहेत.
- तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय: बालविभागाची पुस्तकं बऱ्याचदा गठ्ठ्यात बांधलेली असतात. ग्रंथपालांशी बोलून महिन्याच्या बोलीवर मिळतात का बघा.

देणगीच्या खोक्यांपासून जरा सावध राहा. शहरातून येणाऱ्या खोक्यात निम्मी पुस्तकं जुन्या गाईडांची आणि उरलेली जाड इंग्रजी असतात. नको ती नम्रपणे परत करा, नाहीतर तुमचा कोपरा म्हणजे दुसऱ्याच्या माळ्याची साफसफाई होऊन बसतो.

स्टोरीविव्हरवरून छापणार असाल तर एक अडचण आधीच सांगतो. काळ्यापांढऱ्या प्रिंटरवर रंगीत जलरंगाचं चित्र काढलं की सगळं करडं होतं, रात्रीचा प्रसंग तर नुसता काळा ठोकळा. एका रंगात छापायचंच असेल तर रेघांची चित्रं असलेल्या गोष्टी निवडा. बाकीच्या शाळेच्या टीव्हीवर मोठ्या करून दाखवा. भिंतीएवढं चित्र बघायला सातवीची पोरंही येऊन बसतात.

## ४. पातळी स्वतः ठरवा, छापील आकड्यावर विसंबू नका

शब्द मोजून ठरवलेली पातळी मराठीत फसवते. गोष्ट मुळात इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असते, तिथं ती सोपी म्हणून पहिल्या पातळीवर बसते. मराठीत आल्यावर त्याच पानात ‘स्वयंपाकघरासमोरच्या’ असा एक लांबलचक शब्द येतो. मोजणीत तो एकच भरतो, लेकराला मात्र तो डोंगर वाटतो. म्हणून प्रत्येक पुस्तक हातात घेऊन या चार गोष्टी बघा:

- जोडाक्षरं आणि रफार किती आहेत
- एका पानावर किती ओळी आहेत आणि अक्षर केवढं आहे
- वाक्य एका ओळीत संपतं का दोन-तीन ओळी चालतं
- अक्षरं कोऱ्या जागेवर आहेत का चित्राच्या अंगावर छापली आहेत. हिरव्या गवतावर काळी अक्षरं नव्या वाचकाला दिसतच नाहीत.

शंका असेल तर पुस्तक लेकरालाच द्या आणि मधलं कोणतंही पान वाचायला सांगा. अडेल त्या शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर हे पुस्तक सध्या आपण वाचून दाखवायचं, त्याचं त्याला द्यायचं नाही.

मी चार गठ्ठे करतो: फक्त चित्रांची, एका पानाला एक-दोन ओळींची, जोडाक्षरांसह लहान गोष्टींची आणि लांब गोष्टींची. याहून बारीक विभागणी शाळेत टिकत नाही. शिक्षकांची बदली झाली की नव्या बाईंना ती उलगडत नाही.

## ५. खूण लावा, पण रंग जपून

बंगळुरूच्या हिप्पोकॅम्पस संस्थेची सहा रंगांची पद्धत आहे: हिरवा, लाल, नारिंगी, पांढरा, निळा, पिवळा. बरीच वाचनालयं ती वापरतात आणि ती चांगली चालते. पण आपल्याकडे निळा, हिरवा आणि भगवा हे नुसते रंग राहिलेले नाहीत. कोणत्या पोराच्या हातात कोणत्या रंगाचं पुस्तक, यावर पारावर चर्चा झालेली मला ठाऊक आहे. त्यामुळे मी रंग टाळतो आणि मार्करनं चित्र काढतो: पतंग, मासा, खार, चप्पल. बी-रोप-झाड अशी चढती खूण ठेवू नका, ‘बी’वालं लेकरू लगेच खाली मान घालतं. पतंग मोठा की चप्पल मोठी, हे कुणालाच सांगता येत नाही.

पांढऱ्या चिकट कागदावर खूण काढा आणि तो नेमका छापील वयावर लावा, म्हणजे दोन कामं एकदम होतात. वरून पारदर्शक कागद. फक्त चित्रकाराचं नाव झाकू नका, पुढे ते लागणार आहे.

कुणी कोणत्याही खुणेचं पुस्तक घ्यावं, हा नियम पहिल्याच दिवशी मोठ्यानं सांगा. खूण शिक्षकाला मदत म्हणून आहे. ‘तुझी खूण मासा, खारीला हात लावू नको’ असं एकदा जरी म्हटलं तरी तो कोपरा वर्गाच्या निकालपत्रकासारखा होतो.

## ६. मांडणी

पुस्तकं कपाटात कण्यावर उभी केली की चित्रपुस्तक हरवलंच, त्याचा कणा दोन टाचण्यांएवढा असतो. भिंतीला दोन दोऱ्या बांधा, खालची लेकराच्या छातीच्या उंचीवर, आणि मुखपृष्ठ समोर येईल असं चिमट्यानं लटकवा. दर सोमवारी अर्धी पुस्तकं बदला. ओल धरणाऱ्या आणि वाळवीच्या भिंतीपासून लांब राहा. पावसाळ्यात पत्र्याच्या शाळेत रात्री सगळं काढून पेटीत ठेवावं लागतं, त्याला इलाज नाही.

## ७. चित्र वाचायला शिकवा (आणि आधी स्वतः शिका)

बहुतेक शिक्षक इथंच घाई करतात. आपल्याला पाठ्यपुस्तकाची सवय असते, तिथं चित्र म्हणजे धड्याच्या कडेची शोभा. चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्रात असते, कधीकधी सगळीच.

सुरुवात मुखपृष्ठापासून करा. मग आतलं पहिलं कोरं वाटणारं पान, तिथं बऱ्याचदा चित्रकारानं काहीतरी पेरलेलं असतं. लेखकासोबत चित्रकाराचं नावही मोठ्यानं वाचा. टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कार लेखकासोबत चित्रकारालाही दिला जातो, आपण निदान नाव घ्यायला काय हरकत आहे?

पहिल्या फेरीत अक्षरं वाचूच नका. पुस्तक छातीशी आडवं धरा, जोडपान पूर्ण उघडा, आणि फक्त दोन प्रश्न विचारा: ‘काय चाललंय इथं?’ आणि ‘तुला कशावरून वाटलं?’ दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘आई रागावलीय.’ कशावरून? ‘तिनं पदर खोचलाय.’ उत्तर मिळालं की लेकरू चित्र वाचायला लागलं समजा. ‘यातून काय बोध मिळतो’ हा प्रश्न मात्र अजिबात नको.

एका शाळेत शेताच्या चित्रावर असाच विषय चालला होता. मागे बसलेला पाचवीतला एक पोरगा, एरवी तोंड न उघडणारा, पुढे आला आणि बैलाच्या नाकावर बोट ठेवून म्हणाला, “सर, याला येसण नाही. गाडीला जुंपलाय आन् येसण नाही. हा धरू देईल का?” चित्रकार शहरातला असावा. मग वर्गानं तासभर ते चित्र बारीक तपासून काढलं: जू उलटं आहे, कासरा कुठंच बांधलेला नाही, पण ढग मात्र आपल्या मिरगाच्या ढगासारखेच आहेत. अक्षरओळख कच्ची असलेला तो पोरगा त्या तासाला वर्गातला सगळ्यात जाणता वाचक होता. त्या पुस्तकावर ‘५+’ छापलेलं होतं.

दुसऱ्या फेरीत मजकूर वाचा आणि चित्राशी त्याचं कसं जमतं ते बघायला सांगा. कधी चित्र तेच सांगतं. कधी जास्तीचं सांगतं. कधी मजकुराला खोटं पाडतं: ओळ म्हणते ‘बबन गुपचूप झोपला होता’ आणि चित्रात गोधडीखाली उजेड दिसतोय. असली पानं शोधून काढा, लेकरं हसून लोळतात. पान उलटण्याआधी थांबा आणि पुढे काय असेल ते विचारा. चांगला चित्रकार उजव्या कडेला काहीतरी अर्धवट ठेवतो, एखादी शेपूट, एखादी सावली.

रंग कशानं लावलेत हेही बोला. जलरंग, कात्रणं, पेन-शाई, ठसे. दुसऱ्या दिवशी जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणांतून तसंच चित्र करायला लावा. वह्या रंगवण्यापेक्षा त्यात डोकं जास्त लागतं.

बिनशब्दांच्या पुस्तकांबद्दल पालक हमखास विचारतात, ‘यात वाचायचं काय?’ त्यांना शि. द. फडणीसांच्या हास्यचित्रांची आठवण करून द्या. अवाक्षर नसलेल्या त्या चित्रांवर घरातली मोठी माणसंच हसत होती. दिवाळी अंक हातात आला की आधी दलालांचं नाहीतर मुळगावकरांचं मुखपृष्ठ बघायचं, ही सवयही मोठ्यांचीच.

आणि आपल्या मुलखाला चित्रातून गोष्ट सांगणं काही नवं नाही. एकेक चित्र समोर धरून कथा गाणाऱ्या चित्रकथींची चित्रं पैठणची म्हणूनच ओळखली जातात. शाळेची सहल वेरूळ-अजिंठ्याला जातेच, तेव्हा दोन ठिकाणी मुद्दाम थांबा. वेरूळच्या कैलास लेण्यात मंदिराच्या एका बाजूला रामायण आणि दुसऱ्या बाजूला महाभारत, ओळीओळीनं कोरलेलं आहे. गोष्ट कुठून सुरू होते ते लेकरांना शोधू द्या. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातल्या जातककथांत एकच माणूस एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो, कारण चौकटी न पाडता पुढचा प्रसंग तिथंच रंगवलाय. गाईडच्या मागे पळण्याआधी तेच दोन प्रश्न इथंही विचारा.

## ८. देवघेव आणि दुरुस्ती

नोंदवहीत पाच रकाने पुरे: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक-चित्रकार, खूण, नेणाऱ्याचं नाव. देवघेव चौथी-पाचवीतल्या दोन पोरांकडे सोपवा, महिन्याला जोडी बदला. पुस्तक फाटलं म्हणून दंड घेऊ नका. दंड बसला की घरचे पुस्तक पत्र्याच्या पेटीत ठेवून देतात आणि लेकराच्या हाती लागू देत नाहीत. मधली पिन निघाली तर त्याच भोकांतून दोरा घालून शिवायचं, सुटलेलं पान कडेला पातळ फेव्हिकॉल लावून बसवायचं. हे कामही लेकरंच करतात आणि आपण शिवलेलं पुस्तक पुन्हा फाटू देत नाहीत.

ऊसतोडीला निघालेल्या लेकराला पुस्तक द्यायचं का, हा प्रश्न दर दिवाळीला येतो. द्यायचं. एकच नको, दोन-तीन द्या आणि त्यात एक फक्त चित्रांचं असू द्या. कोपीवर धाकटी भावंडं असतात, त्यांना दाखवता येतं, आणि आईबापांना अक्षर येत नसलं तरी तेही बघतात. नोंदवहीत परतीची तारीख न लिहिता ‘पट्टा पडल्यावर’, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर, असं लिहा. काही पुस्तकं परत येणार नाहीत, आलेली काजळी आणि चिकटा घेऊन येतील. अनुदानाच्या यादीतली पुस्तकं यासाठी वापरू नका, देणगीतली किंवा स्वतः छापलेली द्या, म्हणजे तपासणीला उत्तर देत बसावं लागत नाही.